आराम

(ब्रह्मपुरीचा बसस्टँड. नीलाबाई आणि तिची लेक दुर्गा दवाखान्यातून परत निघाल्या आहेत.)

नीलाबाई : माह्या हाताच्या फोटूत काय दिसलं, सांग नं सरळ! मघापासून तोंड शिवून बसली.

दुर्गा : हाडाची कड खाल्ली गेली, आई. डॉक्टर इरोजन-इरोजन म्हणून राह्यले होते, ते हेच.

नीलाबाई : खाल्ली? कोनं?

दुर्गा : तुह्याच अंगानं. रोगाशी लढाचं सोडून ते तुह्याच सांध्याले चावून राह्यलं. हा संधिवात असाच राह्यते.

नीलाबाई : घरचंच कुत्रं म्हन. मंग त्याले बांधाची गोळी द्या म्हनाव.

दुर्गा : देल्ली होती नं! हप्त्यातून एकडाव खाची. तू बंद केली, मले सांगतलंबी नाई.

नीलाबाई : आराम पडला होता व! डॉक्टरबी तेच म्हनला. सूज उतरली, मूठ वळे, दिवाळीले चकल्या पाडल्या म्या. बऱ्या मानसानं गोळ्या काऊन खाव्या?

दुर्गा : डॉक्टरचा आराम म्हन्जे दुखणं दबलं. रोग गेला नाई.

नीलाबाई : आपल्या गावात तापाले आराम पडला म्हन्जे ताप गेला.

दुर्गा : हा ताप नोहे, आई. हा जल्मभराचा हाय.

नीलाबाई : मंग त्यानं मले 'आराम' असं मराठीत काऊन सांगतलं? इंग्रजीत सांगतलं असतं तं तुले इचारलं तरी असतं.

दुर्गा : (फोटूचं पाकीट पिशवीत घालत) आता गोळी परत सुरू कराची, आई.

नीलाबाई : बरं, आता गोळी सुरू केली तं धानाच्या रोवण्यापर्यंत बोटं सरळ होतीन? अजून महिना हाय.

दुर्गा : बाकीचे सांधे वाचतीन. वाकले ते वाकले.

नीलाबाई : पऱ्ह्याच्या रोपायची पेंडी धराले दोन बोटं अन् अंगठा पुरते.

दुर्गा : सकाळी कप कोनं धरला होता तुह्या तोंडाले?

नीलाबाई : म्या गानं धरल्याबिगर माह्या टोळीतल्या बाया वाकत नाईत, दुर्गे.

दुर्गा : बांधावर बसून म्हन.

नीलाबाई : चिखलात पाय नाई त्या बाईच्या गान्यावर कोनाचा हात चालते?

दुर्गा : गाडी लागली. चाल, हात दे.

नीलाबाई : मनगट धर. बोटं नोको.

दुर्गा : थांब, गुणामावशीचा फोन. टोळीत तुह्यं नाव धराचं का म्हन्ते. काय सांगू?

नीलाबाई : सांग तिले, नाव नोको धरू. मले आता आरामच हाय.