नुसतं पास मागितलं

आमचं गाव पेणच्या खाली, खाडीच्या काठाला, पावसाळ्यात भात आणि उन्हाळ्यात मिठागर, तिसरं काय न्हाय. बापूस मिठागरात, आय मिठागरात, दोघांच्या पायाच्या भेगा कधी भरल्याच न्हाईत. मी थोरला, माझ्यामागं दोन बहिणी आणि शेवटी धाकटा भाऊ, तो माझ्याहून खूप लहान. मला शिकवलं ते बापसाच्या हट्टापायी. स्वराज्य आलं त्याच्या पुढल्या पावसाळ्यात बांधाला खांड पडली, खारं पाणी शेतात शिरलं, भात गेलं, तवा एक इंजिनेर साहेब बघायला आला. साहेबानं बोट दाखवलं की मामलेदारसुद्धा तिकडं बघायचा. बापूस घरी येऊन आयला बोलला, आपला पोर असा व्हायला पायजे, बांध कुठं घालायचा ते आपल्यातल्या कुणीतरी सांगायला पायजे.

तालुक्याच्या शाळेत चालत जायचो. गणित मला बरं यायचं, उगाच फुशारकी न्हाय मारत. पण मॅट्रिकच्या सालात सायन्सचे मास्तर दिवाळीला मुंबईला गेले ते तिकडंच नोकरी धरून ऱ्हायले. मग ड्रॉइंगचे मास्तर सायन्सचा तास घ्यायला लागले. भला माणूस, पण त्यांना तरी काय येणार? फळ्यावर पंपाची आकृती अशी काढायचे की बघत ऱ्हावं, आम्हीपण वहीत तशीच काढायचो, सावली-बिवली देऊन. पंपात पाणी वर का चढतं ते ना त्यांनी सांगितलं ना आम्ही विचारलं. परीक्षेत नेमकं तेच विचारलं.

आय गावदेवीला नवस बोलली होती, पोरगा पास होऊ दे, बोकड देईन. पेपरात नंबर आला, नुसता नंबर, मार्क न्हाईत. आमच्या गावचा मी पहिला मॅट्रिक, आख्खं गाव खूष. बोकड कापला, पंगती उठल्या, म्हातारे मला तवापासूनच इंजिनेर इंजिनेर हाका मारायला लागले आणि मीपण लाजत लाजत ओ देत होतो. मार्क आले ते नंतर. गणितात बासष्ट, सायन्सला छत्तीस.

तरी बापूस मला घेऊन मुंबईला कॉलेजात गेला. इंजिनेर व्हायचं तर आधी दोन वर्षं सायन्स साईड, मग पुढचं. कारकून बोलला, गणित चांगलं हाय, पण छत्तीसवर सायन्स साईड न्हाय मिळायची, आर्ट्सला ये. बापूस बोलला, पण साहेब, पास हाय ना तो? कारकून बोलला, हाय की बाबा, पास हाय म्हणून तर आर्ट्सला ये बोलतो. बापसाला ते कळलंच न्हाय. परतीच्या लाँचीत बसल्यावरसुद्धा मला तेच विचारत होता, पास हाय तर मग न्हाय का?

घरी सांगितलं तवा आय रडली न्हाय. बोलली, मीच नुसतं पास मागितलं रे, देवीनं तेवढंच दिलं. मला काय ठावं पासातपण उंचनीच असतं. मी किती समजावलं, अगं मला सायन्स आलं न्हाय, त्यात देवीचा आणि तुझा काय दोष? पण तिच्या मनातून ते गेलंच न्हाय. रांधता रांधता मधीच बोलायची, तोंडातून जरा जास्त निघालं असतं तर काय बिघडलं असतं?

मी बांधकाम खात्यात लागलो. साहेब मोजमाप घेतात तवा टेपाचं एक टोक मी धरतो. दिवसभर उन्हात उभं ऱ्हायचं, साहेब हाक मारील तिकडं सरकायचं. दमायला होतं. पण बहिणींची लग्नं याच पगारावर झाली, तक्रार कुणाकडं करू? बापूस गेल्या साली गेला.

यंदा धाकटा मॅट्रिकला बसतोय. त्यालापण इंजिनेरच व्हायचंय. शाळेत आता सायन्सचे मास्तर हायत, एवढं बरं. परवा आय ओटी घेऊन देवळाला निघाली, दारातून माघारी फिरली आणि मला बोलली, या खेपेला नीट सांग, किती मार्क मागू? काय सांगू तुम्हाला, कॉलेजात कितीवर घेतात ते मलापण पक्कं ठावं न्हाय, छत्तीसवर घेत न्हाईत एवढंच ठावं. मी बोललो, आये, शंभर माग. ती बोलली, एवढे देईल का रे देवी? मी बोललो, देईल न देईल, तू मागताना लाजू नको.