दारं लावून घासलेली फरशी

हॉलमधी गॅसच्या टाकीवर चालणारं फरशीचं मशीन लावणार म्हणता? मग चहा पिता पिता आधी हे ऐका. मी आज तुमच्यापुढं बसून राहिलो ते शेवंतामावशीमुळं.

मी आन मावशी तवा बाळापूरच्या एका मंगल कार्यालयात साफसफाईला होतो. मालकानं असलंच मशीन आणलं. रस्त्याची धूळ ओल्या फरशीवर येऊन बसायची, म्हणून आमी सगळी दारं-खिडक्या लावल्या आन मशीन चालू केलं.

थोड्या वेळानं मावशी म्हणल्या, "माझं डोकं लई ठणकून राहिलं रे. तुझं?"

"माझं बी. उन्हाचं असंल."

"टाकी तर गळून न्हाई राहिली?"

"मग वास आला असता की!"

एवढं बोललो आन माझे पायच लटपटले. मावशीनं मशीन बंद केलं, माझा हात धरला आन दाराकडं निघाल्या. डोळे उघडले तवा आमी दोघं बाहेर पायरीखाली पडलेलो होतो.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "टाकी चांगलीये. मशीनच्या इंजिनातला विषारी वायू आत कोंडला. त्याला वास नसतो. दारं उघडी ठेवूनच चालवायचं ते. अजून थोडा वेळ आत असता, तर दोघं बी गेला असता."

मी मावशीच्या पायाच पडलो. "मावशी, तुमी मला ओढत आणलं म्हणून वाचलो."

"कशाचं ओढत? माझाच तोल जाऊन राहिला होता, म्हणून तुझा हात धरला," मावशी हसल्या. "दोघं बी पडलो लेका. पण बाहेर पडलो!"