शेफर म्हणजे मेंढपाळ

आडनावांचा विषय निघालाच आहे तर हे ऐका. नव्वदच्या दशकात मी साखऱ्याच्या शाळेत इंग्रजी शिकवायचो. पाणी अडवायच्या कामासाठी शेफर नावाचा एक जर्मन इंजिनियर गावात आला, आणि दुभाषा म्हणून मला त्याच्यासोबत धाडलं.

माळावर चर खणायचे होते. पण तिथं गावातल्या मारोतीमामा धनगरांची मेंढरं चरायची. मामा आडवेच आले. "चर खणल्यावर माझ्या मेंढरानं कुठं चरावं? न्हाई जमायचं."

शेफरनं चरांचा नकाशा उलगडला. ताण कमी व्हावा म्हणून मी त्याला उगाच त्याच्या आडनावाचा अर्थ विचारला.

"मेंढपाळ," तो म्हणाला. "आमच्याकडं गावोगावी शेफर सापडतील."

मी मामांना मराठीत सांगितलं. मामा चकित झाले. "इतके धनगर हायेत तिकडं? ह्याची मेंढरं किती?"

"एकही नाही," शेफर ओशाळला. "पणजोबांनंतर कुणी राखली नाहीत."

मामांना मनापासून वाईट वाटलं. त्यांनी एक कोकरू उचलून त्याच्या हातात दिलं. "आता तूच सांग बाबा, ह्यानं कुठं चरावं?"

शेफरनं कोकराकडं पाहिलं. मग ते तसंच काखेत धरून तो दगडावर बसला, माझ्याकडून खोडरबर घेतलं आणि नकाशावरचे खालचे सगळे चर पुसून वर टेकडीच्या उतारावर काढले. खालचं गवत मेंढरांना राहिलं.

मामा नकाशा बघून खूश झाले. म्हणाले, "मास्तर, त्याला सांगा, काम बराबर केलं. पण कोकराला असं मुंडी दाबून काहून धरून राहिला? आडनावाची तरी लाज राख म्हणावं!"