रचनाच्या नियुक्तिपत्राचा फोटो

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, आमच्या शाळा समितीचे शालीकरामजी, मंचावरचे पाहुणे, माझे सहकारी शिक्षक, पहिल्या रांगेत बसलेल्या रचनाच्या आई जमुनाबाई, तिच्या गावाहून, बिरसीहून आलेली मंडळी आणि मुलांनो, सर्वांना नमस्कार.

रचनाला निरोप देण्यासाठी मला उभं केलं आहे. पण रचना उद्या जात नाही. तिचं रुजू होणं थांबलं आहे. अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, हार आणून झाले, आता होऊन जाऊ द्या." जाणाऱ्याला निरोप देतात. थांबवलेल्याला काय देतात, मला खरंच सुचत नाही.

संरक्षणासाठी जे उपग्रह वर फिरतात, त्यांच्या यंत्रणेत परकं कुणी शिरू नये, हे पाहण्याचं काम तिला मिळालं. वीस वर्षं मी फळ्यावर उपग्रहाचा वेग काढते. त्या उपग्रहाला इथून, खाली बसून कुणी फसवू शकतं, हे मला या माझ्या विद्यार्थिनीने शिकवलं.

गेल्या महिन्यात चारित्र्याच्या दाखल्यासाठी तिने नियुक्तिपत्राचा फोटो मला पाठवला. मी तो माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकला. आपल्याकडे असंच करतात ना? नोकरी लागली की पत्र आधी ग्रुपवर, मग चौकात. संध्याकाळी ग्रुपवरच्याच मुन्नालालजींनी चौकात फ्लेक्स लावला, पत्रासकट! पत्राचा क्रमांक, नोकरीचं ठिकाण, घरचा फोन, सगळं लांबून वाचता येत होतं.

चार दिवसांनी जमुनाबाईंना फोन आला. गोड हिंदी. "माताजी, बिटिया कौन से सेक्शन में लगी है?" जमुनाबाई म्हणतात, "मले वाटलं, ऑफिसातले साहेब असतीन. माह्या तोंडून सगळं निघून गेलं. वरून म्हटलं, घरी या चहाले!"

हसा. मीही हसले होते. रचना हसली नाही. तिने स्वतःच फ्लेक्सचं आणि फोनचं कार्यालयाला कळवलं. उत्तर आलं, खुलासा द्या, तोवर रुजू होऊ नका. मी विचारलं, "अगं, एका फोटोने आकाशातल्या यंत्राचं काय बिघडतं?"

"मॅडम, यंत्रापर्यंत जायला आधी माणूस शोधतात. त्याचं गाव, त्याची आई."

तेव्हापासून मी गोंधळलेली आहे. फ्लेक्स उतरवला, फोटो पुसला, पण तो आता कुठे कुठे आहे? लेकीचं कौतुक आईने किती आवाजात करायचं? आणि मी तो का टाकला? अभिमान होता, हो. पण फोटोखाली मी लिहिलं होतं, 'माझी विद्यार्थिनी'. त्यातलं 'माझी' हल्ली मला टोचतं.

आज सकाळी रचनाने खुलासा दाखवला. त्यात लिहिलं होतं, 'पत्र मीच ग्रुपवर टाकलं.' मी म्हटलं, "हे खोटं काऊन लिहिलंस?"

"शाळेत चौकशी येईन मॅडम. तुमची नोकरी आहे."

मला क्षणभर बरं वाटलं. हो, वाटलं. मग कळलं की हे खोटं उघडं पडलं तर तिची नोकरी कायमची जाईल, आणि तीही माझ्यासाठी.

रचना, खुलासा उद्या पाठवायचा आहे. ते वाक्य खोड. तिथे माझं नाव लिही, सही मी करते. अध्यक्षसाहेब, चौकशी आली तर मलाच बोलवा.

आपण शांतपणे ऐकलंत, मी ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पदरात घ्या. त्या फोटोची माफी मात्र मी इथे मागत नाही. ती मला लेखी मागायची आहे.