उंबऱ्यावरची पालथी चप्पल

—न्हाय, आत नको, हितंच बसा की पावणं, सर तयार व्हायलेत, म्हंजे शर्टाला इस्त्री मी केलीया, ते आरशात बघायलेत— आज परत त्योच जुना पिच्चर न्हवं तुमच्या फिल्म सोसायटीत? पैलाच सीन? पाठ हाय मला, ह्यांची बायको हून आल्यापासनं ऐकतोय. उंबऱ्यावर बाईच्या चपला, एक सुलटी, एक पालथी. कडंनं बाईचा हात येतो, पालथी सुलटी करतो, जातो. संपलं. एवढ्यावर आमचे सर तासभर बोलतात. आपल्याकडं शेंबडं पोरगंबी सांगंल, दारात चप्पल पालथी पडली की घरात भांडण हुतंय, म्हणून बाई सुलटी करती. सर म्हणतात, तसं न्हाय, ते प्रतीक हाय. आदल्या साली पारतंत्र्याचं हुतं, गेल्या साली समाजव्यवस्थेचं, औंदा बाईच्या दबलेल्या बंडाचं हाय म्हणं. एकटी चप्पल, किती ओझं वाहील बिचारी?

आणि त्यो हात. हाताला चेहरा न्हाय, म्हणून त्यो समद्या बायकांचा हात— हे सर सांगतात नि पुढच्या रांगेतल्या मॅडम डोळं पुसतात. मला काय वाटतं? औंदा उन्हाळ्यात माझा हात मोडला, प्लास्टर घालून घरी आलो, तवा ह्यांनी पैलं काय विचारलं? "मग चहाचं कसं करायचं?" पडद्यावरचा हात लगेच कळतो वो त्यांस्नी, ताटात भाकरी वाढणारा कळत न्हाय. वाईट वाटतं का? वाटतंय की. दगड हाय व्हय मी?

पोरांस्नी एक वाक्य ते कायम सांगतात— दिग्दर्शक चौकटीत एकबी वस्तू उगाच ठेवत न्हाय, बघायला शिका. चांगलं हाय वाक्य. मीबी न्हाय ठेवत उगाच.

म्हंजे? म्हंजे काय न्हाय— बरं, तोंडातनं गेलंच हाय तर ऐका. ती उंबऱ्यावरची चप्पल माझी. पालथी हाय न्हवं? सोमवारी मीच ठेवलीया तशी. सर सकाळी फिराय गेले, पेपर आणाय गेले, काल बँकेत गेले— दरवेळी वलांडून. एकदा तर बुटाची नाडी बांधाय तिच्या शेजारीच बसलते. मी दाराला टेकून बघत हुतो. वर न बघताच म्हणाले, "मीनाक्षी, जरा सरक, उजेड अडवतीयास." सरकलो.

दारामागची पिशवी? माझीच. कोडोलीला भावाकडं जायाचं हाय. आमचं ठरलंय तसं— आमचं म्हंजे माझं एकटीचंच. आज तुमच्या गाडीत बसायच्या आत त्यांनी चप्पल सुलटी केली, निदान "ही पालथी का गं?" एवढं जरी विचारलं, तर पिशवी परत माळ्यावर. न्हाईतर चाललो मी. अजून आस हाय वो मला, हसू नका. भाषण घोळवत का हुईना, नजर कधीतरी खाली जाईलच की माणसाची— आले वाटतं, अत्तराचा वास आला. उठा, गाडी फिरवून घ्या तुमी तवर—

अवो.

काय केलंसा हे पावणं? सवयीनं व्हय. आईनं लावली असंल, दारात पालथी दिसली की पायानं सुलटी करायची, खाली बघायचंबी न्हाय. चांगली सवय हाय. सोमवारपासनं त्यांच्या डोळ्यांस्नी जमलं न्हाय ते तुमच्या अंगठ्याला जमलं. परत पालथी करू म्हणता? नको, ऱ्हाऊ द्या. कितींदा करायची.

ती पिशवी द्या हिकडं. सुलटी केलीच हाय तर पायात घालतो. तुमच्या शेजारी पुढं बसतो मी, सर मागं बसतील भाषण म्हणत. स्टँडवर उतरताना दार मी हळूच लावीन, त्यांची लिंक तुटाय नको. चला, गाडी काढा.