गल्लीच्या विहिरीतले कासव

पोलीस ठाणे शिरूर, तारीख १७ एप्रिल १९६२
पुरवणी जबाब

इलाही वल्द इनुस पखाली, वय अंदाजे ५६ वर्षे, धंदा पूर्वी मशकीने घरोघर पाणी घालणे, हल्ली एसटी स्टँडजवळच्या हॉटेलात पाणी भरणे, राहणार घोडनदी, तालुका शिरूर, जिल्हा पुणे.

मी समक्ष ठाण्यात हजर होऊन सांगतो की, वरील ठिकाणी मी व माझी पत्नी गुलशन असे दोघेच राहतो. मूलबाळ नाही. तारीख १३ रोजी मी याच ठाण्यात फिर्याद दिली होती की, वरवंड, तालुका दौंड येथील शेतकरी मच्छिंद्र यांनी माझ्या घरातून कासव चोरून नेले. त्या फिर्यादीत काही मजकूर चुकीचा आहे. तो दुरुस्त करण्यासाठी आज मी आपण होऊन आलो आहे. मला कोणी धाक घातलेला नाही.

आमच्या गल्लीत विहीर होती. पाणी स्वच्छ राहावे म्हणून तिच्यात कासव सोडलेले होते. कोणी सोडले ते मला माहीत नाही. मी वडिलांच्या हाताखाली पाणी ओढू लागलो तेव्हाही ते होतेच. त्या विहिरीचे पाणी मी तीस वर्षे पहाटे व सांजेला मशकीत भरून लोकांच्या घरी घातले. सन १९५८ मध्ये गल्लीत नळ आला आणि विहीर बुजवायचे ठरले. मुरमाच्या गाड्या येऊन उभ्या राहिल्या तरी कासवाचा विचार कोणीही केला नव्हता. वरच्या पायऱ्या ढासळलेल्या होत्या, म्हणून मी दोराने खाली उतरलो व ते पोत्यात घालून वर काढले. विहिरीशेजारी गुरांना पाणी पिण्यासाठी दगडी डोण होती, ती मागून घरी आणली व तिच्यात कासव ठेवले. रंग काळा, लांबी वीतभर, पाठीच्या कडेला बादली लागून पडलेली खाच. मी त्यास नाव ठेवलेले नाही. पत्नी त्यास मियाँ म्हणते. ते लिहू नका असे मी सांगितले होते, पण हवालदारांनी लिहिले.

नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो, म्हणून मी रोज सकाळी घोड नदीवरून एक मशक भरून आणून डोणीतले पाणी बदलत असे. मशकीला आता दुसरे काम राहिलेले नाही. कातडे रोज भिजले नाही तर तडकते, त्यामुळे त्यात तिचीही सोय होती. गल्लीतले लोक हसत. खाण्यास खाटकाकडून फुफ्फुसाचे बारीक तुकडे, मेथीची पाने व पावसाळ्यात नदीतली चिंगळी देत असे. मी घातले तरच ते खाई. पत्नी म्हणते की तिच्या हातचेही खाई.

विहिरीतला जीव, त्यास ऊन सोसणार नाही, अशी माझी पक्की समजूत होती. मी त्यास विहिरीत नेहमी अंधाऱ्या पाण्यातच पाहिले होते. म्हणून डोण आतल्या खोलीत ठेवून मी वर फळी टाकत असे. मागील दिवाळीपासून त्याची पाठ मऊ पडू लागली. अंगठ्याने दाबली तर ओल्या चामड्यासारखी दबत असे. डोळे सुजले, खाणे कमी झाले. त्यास उजेडाचा त्रास होतो असे समजून मी फळीवर ओले पोतेही टाकू लागलो. पत्नीने दोन वेळा ते घमेल्यात घालून अंगणात नेले. दोन्ही वेळा मी तिला टाकून बोललो. तीस वर्षे पाणी मी ओढले, तुला काय कळते, असे मी म्हणालो.

तारीख २० मार्च रोजी सायंकाळी हॉटेलातून घरी आलो तेव्हा डोण रिकामी होती. पत्नीस विचारता ती "निघालं आसंल बाहीर" एवढेच म्हणाली. मी गटारे पाहिली, नदीकाठ पाहिला, खाटकाच्या दुकानामागेही पाहिले. चार दिवस मला जेवण गेले नाही. याचा तपासाशी संबंध नाही असे हवालदार म्हणतात. माझ्या मते आहे.

तारीख १२ एप्रिल रोजी शेजारच्या साखरबाई बोलण्याच्या ओघात म्हणाल्या की, वरवंडला त्यांचे बंधू मच्छिंद्र यांनी नवी विहीर पाडली आहे व तिच्यात खाच पडलेले कासव सोडले आहे. मच्छिंद्र हे मार्च महिन्यात बहिणीकडे येऊन गेले होते. त्यावरून मी दुसऱ्या दिवशी फिर्याद दिली. फिर्यादीस निघताना मी पत्नीला तसे सांगितले होते. ती चुलीपुढे होती. भाकरी थापत राहिली.

काल तारीख १६ रोजी हवालदार सोपानराव यांच्याबरोबर एसटीने चौफुल्याला उतरून आम्ही वरवंडला गेलो. मच्छिंद्र विहिरीवरच होते. ते म्हणाले, "चाचा, म्या चोरलं न्हाई. चाचींनी सोता घमेल्यात घालून दिलं. आदी इचारलं, तुज्या हिरीला पाण्यापातुर पायऱ्या हायेत का? हायेत म्हणलं, तवा दिलं." हवालदार मला म्हणाले, "पखाली चाचा, आता चाचींना बेड्या घालू का?" मला तेव्हा फार राग आला होता. मच्छिंद्र यांचा नव्हे.

मच्छिंद्र म्हणाले, "काढू का वर? न्या तुमचं." मी थांबण्यास सांगितले. बाराच्या सुमारास ऊन विहिरीत सरळ खाली उतरले. कासव पाण्यातून शेवटच्या पायरीवर आले, मागचे पाय ताणले व मान बाहेर काढून बसले. इतकी लांब मान मी चार वर्षांत पाहिली नव्हती. मी खाली उतरून त्याची पाठ दाबून पाहिली. पूर्वीइतकी दबली नाही. माझ्या डोळ्यांना पाणी आले. हवालदारांना परतीची गाडी गाठायची होती, तरी ते बसून राहिले. त्यांचे उपकार आहेत.

घरी आल्यावर पत्नीस विचारले. तिने सांगितले ते असे: "दुपारी आमी बायका धुणं घिऊन हिरीवर आसायचो. ऊन तळापातुर जायचं आन् ते पायरीवर यिऊन बसायचं. रोज." मी म्हणालो, मग चार वर्षे बोलली का नाहीस? ती म्हणाली, "मला कुणी इचारलं व्हय? दोनदा अंगणात ठिवलं, तर तुमी अंगावर आलात." मी फिर्याद देण्यास निघालो तेव्हा तरी बोलायचे होते, असे म्हणालो. त्यावर ती म्हणाली, "माज्या सांगण्यानं तुमी मानलं नसतं. जाऊन डोळ्यांनी बघाल म्हणून गप ऱ्हायले." पहाटेचे पाणी घालून झाले की मी दुपारी जेवून झोपत असे. त्या विहिरीवर मी बारा वाजता कधीही गेलेलो नाही. जिवाचे वाईट मीच करत होतो व तेही मायेने.

तरी मच्छिंद्र यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. पत्नीविरुद्धही नाही. कासव मला परत नको. ते विहिरीचे होते, मी फक्त सांभाळले.

मात्र वरवंडच्या विहिरीवर ऑईल इंजिन आहे. इंजिन सुरू होताच कासव पायरी सोडून पाण्यात जाते, हे मी काल पाहिले आहे. दुपारी बारा ते एक इंजिन बंद ठेवतो असे मच्छिंद्र यांनी हवालदारांसमोर कबूल केले. मी दर महिन्यास एकदा बारा वाजता तेथे जाणार आहे. पत्नीही बरोबर येणार आहे. त्या वेळी इंजिन चालू दिसले तर मी पुन्हा याच ठाण्यात फिर्याद देईन, आणि ती फिर्याद खरी असेल.

हा जबाब हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. मी बोललो तेच लिहिले आहे, कमीजास्त काही नाही, म्हणून खाली अंगठा करतो.

इलाही वल्द इनुस पखाली, डाव्या हाताचा अंगठा

समक्ष: सोपानराव, हवालदार