मनोऱ्याचा तळ

सुधाचे शब्द नेमके पुढे लिहितोय तेच होते का, हे आता छातीठोकपणे सांगवत नाही. एमएला असताना परळच्या इराण्याकडे मी सुधाला लग्नाचं विचारलं आणि घाबरून लगेच मानसशास्त्रात शिरलो. माणसाच्या गरजांचा मनोरा असतो, तळाला अन्न-निवारा, शिखरावर आत्मसिद्धी. आपण दोघं शिखर गाठू, वगैरे.

ती म्हणाली, "बोलतोस छान. पण खोली नाही रे."

माझ्या विचारांना खोली नाही, असं मी समजलो. तोंड लपवून अस्तित्ववाद वाचत बसलो. तिचं दुसरीकडे लग्न झालं.

निवृत्तीनंतर दादरला तिचा भाऊ भेटला, तेव्हा तिच्या त्या 'खोली नाही'बद्दल भीतभीत विचारलं.

"अहो, राहायची खोली! लालबागला एका खोलीत तुम्ही नऊ जण. ताईने त्याच आठवड्यात मामाची कॉटन ग्रीनची खोली मागून ठेवली होती. तुम्ही फिरकलातच नाही."